एका बोर्डावर दोन मशीन

अप्पा, तुमचं ऑक्सिजनचं मशीन आज सकाळी घेऊन गेले.

ज्या संस्थेनं ते वापरायला दिलं होतं, तिथला माणूस आला होता. टेम्पो आपल्या गल्लीत शिरत नाही, म्हणून त्यानं आणि मी मिळून ते जिन्यावरून उतरवलं आणि कोपऱ्यापर्यंत ढकलत नेलं. त्याचं एक चाक नेहमीसारखं आडवं होत होतं. टेम्पोत चढवताना त्यानं विचारलं, "पेशंट बरे झाले का?" मी म्हटलं, "हो, आता लागत नाही." असं का म्हटलं मला माहीत नाही. त्याला ते पुढं दुसऱ्या कुणाकडं पोचवायचं होतं, त्याचा फोन वाजत होता, आणि सासऱ्यांबद्दल सांगायला मी सुरुवात केली असती तर ते रस्त्यात उभं राहून संपलं नसतं.

वर आले तर भिंतीवरच्या बोर्डात तुमचं सॉकेट रिकामं. शेजारच्या सॉकेटात कॉम्प्युटरची पिन तशीच. आता कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवला तरी कुणाचं काही अडणार नाही. म्हणून तो लावला, आणि लावल्यावर काय करायचं ते सुचेना.

तुमची शिवगणाराधना, म्हणजे दिवसकार्य, उरकून आपल्या गावची, मैंदर्गीची माणसं परत गेली. तुमचा मल्लू, म्हणजे माझे हे, त्यांनाही कंपनीनं जास्त सुट्टी दिली नाही. जाताना म्हणाले, "पुण्यात दोघांपुरती खोली बघितलीय. रविवारी टेम्पो घेऊन येतो, तू सामान बांधून ठेव. घरमालकांना किल्ली देऊन टाकू." उद्या रविवार आहे. भांडी बांधून झाली, कपडे बांधून झाले, तुमचा पलंग मालकीणबाईंनी मागितला होता तो त्यांना दिला. उरलाय तो हा कॉम्प्युटर, आणि मी त्याच्यावरच हे लिहिते आहे.

अप्पा, हे घर किती लहान होतं ते मला आज सामान बांधल्यावर कळायला हवं होतं, पण मला ते आधीपासूनच पाठ आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. चादरीच्या कारखान्यातली सुताची धूळ वर्षानुवर्षं तुमच्या छातीत बसली आणि डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं, त्यानंतर दवाखाना सोडला तर तुम्ही जिना उतरला नाहीत. तुमच्या नाकातली नळी पलंगापासून उंबऱ्यापर्यंत पुरायची. उंबऱ्याशी ती ताणली जायची, मग तुम्ही चौकटीला हात लावून खालची गल्ली बघत उभे राहायचा. मी तुमच्या मागं, कॉम्प्युटरपाशी. मशीन सोडून तुम्हाला जाता येत नव्हतं आणि तुम्हाला सोडून मला. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानात, जिकडं बघावं तिकडं मोकळं, अशा ठिकाणी मी वाढले. इथं भाजीला गेले तरी घड्याळ बघत परत यायची. काही दुपारी तुमच्या मशीनच्या घरघरीचा मला राग यायचा. ती थांबली की मात्र जीव घाबरा व्हायचा. आपण दोघं त्या एका आवाजात कोंडलेले होतो.

आणि एका वायरीवर. मालकांनी आपल्या दोन खोल्यांना लाईन दिली ती त्यांच्या मीटरवरून, बारीक वायर ओढून. तिचं बटण खाली त्यांच्या बोळात, जाळीच्या पेटीत, पेटीला कुलूप. लोड जरा वाढला की ते बटण पडायचं. मग मी जिना उतरून दार वाजवायची, मालकीणबाई किल्ली शोधायच्या, "परत पडलं का?" असं दर वेळी पहिल्यांदाच पडल्यासारखं विचारायच्या. वायर बदलून द्या म्हटलं की मालक म्हणायचे, "खोल्या रिकाम्या झाल्या की सगळं नवीनच करणार आहे." त्यांना काय सुचवायचंय ते तुम्हालाही कळत होतं. फ्रीज आपण बंदच करून टाकला. पंखा आणि तुमचं मशीन चालायचं. पण त्याच्या जोडीला कॉम्प्युटर लावला की बटण पडलंच.

तो कॉम्प्युटर ह्यांच्या डिप्लोमाच्या वेळचा. जुन्या टीव्हीसारखा पाठीमागं फुगलेला मॉनिटर. "ह्येचं पोट बग, मालकावानी," तुम्ही म्हणायचा. पण माझं काम त्याच्यावरच होतं. शहरातल्या एका करसल्लागाराची बिलं मी घरी बसून भरून द्यायची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि तिथंही मी अर्ध्यावर थांबले होते. लग्नात माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते तुम्ही करायला लावलंत. तेव्हा तुम्हाला मशीन लागलं नव्हतं, परीक्षेच्या केंद्राबाहेर झाडाखाली तुम्ही डबा घेऊन बसायचात, आणि बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे न विचारता "भूक लागली आसंल की" म्हणायचात. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

म्हणून आपण पाळ्या लावल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शांत बसून असलात तर थोडा वेळ मशीनशिवाय चालेल. तेवढ्या वेळात माझं काम. तुम्ही नळी काढून म्हणायचा, "माजं वारं खाऊन झालं. लाव तू." आणि माझं झालं की मी म्हणायची, "अप्पा, बंद करते. तुम्ही लावा." तुम्ही म्हणायचा, "हूं, लावतो." दिवसातून किती वेळा हे बोलणं व्हायचं. दुसरं काही न बोलता दिवस जायचा, पण एवढं व्हायचंच.

अडचण ही होती की कॉम्प्युटर जागा व्हायलाच माझी निम्मी पाळी खायचा. निळा पडदा, मग काळा, मग पुन्हा निळा. मी टेबलावर हात ठेवून बसलेली आणि पलंगावर तुमचा श्वास आखूड होत चाललेला. एके दिवशी तुम्ही म्हणालात, "सुरेखा, ह्ये जागं हुईस्तवर माजा जीव झोपतो. ह्येला नवा कर."

"नवा कुठून आणू, अप्पा?"

"नवा आण म्हनलं न्हाय मी. नवा कर म्हनलं."

कारखान्यात तुमचं काम सांधणीचं होतं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आले की तो सगळा काढून टाकत नाहीत. जुन्या ताण्याच्या शेंड्याला नवा ताणा बांधतात, एकेका धाग्याला एकेक गाठ. मग नवं सूत जुन्या सुताच्या मागोमाग फणीतून आपोआप ओढलं जातं. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंय की न बघता मला ते दिसतं. कॉम्प्युटरचंही तसंच करायचं असं तुमचं म्हणणं. एका वेळी एकच भाग. जुन्याला नवा सांधायचा, माग उभाच ठेवायचा.

भाग आणायचे कशाच्या बदल्यात, हेही तुम्हीच काढलंत. कारखाना बंद झाला तेव्हा तिथं पडून असलेल्या सेकंड मालाच्या चादरी कामगारांनी वाटून घेतल्या होत्या. विणताना चूक झालेल्या, बाजारात न जाणाऱ्या. तुमच्या वाट्याच्या चादरी पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. त्यातली एक खांद्यावर टाकून मी जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या रफिकभाईंच्या दुकानात गेले, आणि ते आपला कॉम्प्युटर बघायला स्वतःच घरी आले.

मागचं झाकण काढून आत बघत ते म्हणाले, "चच्चा, इसको तो जुने बाजार में भी कोई नइं लेता."

"लेने को कौन बोला? तू इसको दे," तुम्ही म्हणालात.

त्यांनी चादर उलगडली. "अरे, इसके मोर को मुंडी नइं है."

"तुज्या रॅमला तरी डबा कुटं हाय?"

रफिकभाई हसत हसत पलंगावर बसले. बंद पडलेल्या कुठल्याशा नेट कॅफेतून आलेली रॅमची पट्टी त्यांनी पिशवीतून काढली. त्यावर तुमचा पहिला हट्ट, जुनी पट्टी काढायची नाही, तिच्या शेजारी नवी बसव. त्यांनी बसवली. कॉम्प्युटर चालूच होईना, नुसता टिट टिट करत राहिला. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी जुनी पट्टी काढून तुमच्या हातात दिली आणि नवी एकटीच लावली. लगेच पडदा उजळला.

"दोनों का जमता नइं, चच्चा. जुनी निकली तोच नई चलती."

मला आनंद झाला होता, म्हणून मी तुमच्याकडं बघितलं नाही. नंतर बघितलं तेव्हा तुम्ही ती जुनी पट्टी तळहातावर घेऊन बसला होता. त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्लीत. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला पुण्याला जा म्हणायला लागलात. त्या पट्टीचा आणि त्या बोलण्याचा संबंध मला तेव्हा कळला नाही. ती पट्टी परवा तुमच्या उशीच्या अभ्र्यात सापडली, तेव्हा कळला.

"जा की मल्ल्याकडं. पोरगं तितं हॉटेलात जेवतंय."

"आणि तुम्हाला कुणावर सोडू?"

"मालकीणबाईवर. मला कुलपात घालंल आन किल्ली हारवंल."

मी हसायची आणि विषय तिथंच राहायचा. माझं उत्तर ठरलेलं होतं. पुण्यातल्या एका ऑफिसनं घरून करायचं हिशोबाचं कायम काम देऊ केलं होतं. त्याची परीक्षा होती, कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्यासमोर. ते मिळालं, आणि तोवर दोन्ही मशीन एका बोर्डावर चालायला लागली, की जायचा प्रश्नच राहत नाही. मला फक्त तेवढंच हवं होतं. तुमच्या श्वासातून एकही घास न घेता माझं काम व्हावं.

त्यानंतर स्क्रीन फुटलेल्या एका लॅपटॉपमधली चिप्पीसारखी नव्या पद्धतीची हार्ड डिस्क आली, काठ वेगळ्याच रंगाचा विणला गेलेल्या एका चादरीच्या बदल्यात. कॉम्प्युटर डोळे मिटून उघडेपर्यंत सुरू व्हायला लागला. तुम्ही मला तो पुन्हा पुन्हा बंद-चालू करायला लावलात. आतल्या मोकळ्या वायरी तुम्ही स्वतः बांधल्यात. ताण्याचे उरलेले रंगीत धागे तुमच्याकडं गुंडाळून ठेवलेले होते, त्यांनी.  गाठ मारून धागा दातानं तोडायचा, ही सवय तुमची गेली नाही. नळी नाकात, धागा दातात.

आणि मग खंडेनवमी. तुमच्या कारखान्यात त्या दिवशी माग बंद ठेवून त्याची पूजा करायचे. घरात माग नव्हता. मी स्वयंपाकघरात होते, कॉम्प्युटरचं झाकण पुसायला म्हणून काढून ठेवलेलं. तुम्ही दोन्ही मशीनना हळदकुंकू लावलंत, झेंडूची फुलं ठेवलीत, आणि मागाच्या लोखंडी चौकटीवर फोडतात तसा नारळ कॉम्प्युटरच्या डब्याच्या काठावर फोडलात. मी आवाज ऐकून आले तेव्हा नारळाचं सगळं पाणी आत.

"अप्पा, हे काय केलंत?"

"पूजा," तुम्ही म्हणालात. चेहरा इतका उतरला होता की मला ओरडता येईना. "मागाला तर काय हुईत न्हाय की."

पिन काढलेली होती म्हणून वाचलो. आतला बोर्ड मी सुटा करून पुसला आणि तुम्हाला युक्ती सुचली. तुमच्या मशीनच्या मागून गरम वारा यायचा. तिथं स्टुलावर तो बोर्ड ठेवला. तुम्ही नाकातून वारा खात होता आणि तेच मशीन मागून कॉम्प्युटर वाळवत होतं. दसऱ्यादिवशी कॉम्प्युटर सुरू झाला. आवाज तेवढा गेला तो गेलाच. रफिकभाईंनी यूएसबीत लावायचा हेडफोन आणि परीक्षेसाठी एक छोटा कॅमेरा दिला आणि त्यांच्या बदल्यात काही घेतलं नाही. म्हणाले, "चच्चा, अगली बार बकरा मत काटना इसपे." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला आणि मला त्यांना घालवून द्यावं लागलं.

परीक्षेच्या दिवसाबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. आज बोलते.

नियम असा होता की परीक्षा सुरू झाली की खुर्चीतून उठायचं नाही, मान वळवायची नाही, कॅमेऱ्याच्या चौकटीत दुसरं कुणी दिसायचं नाही. चौकट सुटली की परीक्षा रद्द. मॉनिटर अजून तोच पोटवाला, त्यामुळं दोन्ही मशीन एकदम चालत नव्हती. पण परीक्षा माझ्या पाळीपेक्षा लांब होती. मी मालकीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, बटण पडलं तर लगेच उचला. शेजारीणबाई घरी होत्या, त्यांनाही सांगितलं होतं, मधे डोकावा. ठरलं ते असं, की पंखा आणि दिवा बंद ठेवून दोन्ही मशीन चालवून बघायची. तुमचा पलंग माझ्यासमोर, मॉनिटरच्या पलीकडं. मला मॉनिटर दिसत होता, त्याच्यामागं तुम्ही होता, पण दिसत नव्हता.

परीक्षा सुरू झाली. थोडा वेळ घरघर चालू होती. मग मॉनिटर थरथरला, उजेड खाली गेला, वर आला. मला वाटलं, आता पडतंय बटण. आणि घरघर थांबली. फक्त घरघर. कॉम्प्युटर चालूच राहिला.

मी कॅमेऱ्याकडं बघत होते. कॅमेरा माझ्याकडं. समोर ताळेबंदाचा प्रश्न होता आणि मला त्यातला एक आकडा वाचता येत नव्हता. उठावं तर सगळं गेलं, आणि बसावं तर पलीकडं काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. हेडफोन कानात म्हणून श्वासही नीट ऐकू येईना. मी खुर्चीच्या कडेला सरकले. तेवढ्यात खट असा आवाज आला. मग खट-खट. तुम्ही पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटातली अंगठी आपटत होता. मागाचा ठोका. संथ, एका मापात, न चुकता. मी आहे, तू लिही. शब्दांत सांगितलं नव्हतं, पण दुसरा अर्थ त्याला नव्हता.

त्या ठोक्यावर मी सगळा पेपर सोडवला. ठोका जरा लांबला की माझं बोट थांबायचं, आला की पुढं जायचं. मधे शेजारीणबाई दारात येऊन बघून गेल्या, त्यांची सावली भिंतीवर पडलेली मला दिसली. शेवटचं बटण दाबलं आणि मी खुर्ची ढकलून तुमच्याकडं आले तेव्हा तुमचे ओठ काळसर झाले होते आणि तुम्ही हसत होता. मी मशीन लावलं, नळी नाकात घातली. बोलता यायला लागल्यावर तुम्ही म्हणालात, "लाईटच गेली व्हती."

एकाच बोर्डावर, अप्पा. माझी पिन चालू आणि तुमची लाईट गेली. तुम्हालाही माहीत होतं की मला माहीत आहे. मी तुमच्यावर चिडायला हवं होतं. बटण कुणी बंद केलं ते विचारायला हवं होतं. मी चहा टाकला. तुमच्या या वागण्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. उपकार म्हणावा तर राग येतो, आणि रागावायला जावं तर तो ठोका ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रंक उघडायला लावलीत. तळाशी चादर होती, एकच. ती मी दोन्ही बाजूंनी बघितली, उजेडात धरून बघितली. "अप्पा, हिच्यात चूक कुठं आहे?"

"सापडंना व्हय? मंग ऱ्हाऊ दे. रफिकलाबी सापडायची न्हाय."

त्या चादरीच्या बदल्यात चपटा मॉनिटर आला. कडेला एक उभी रेघ कायमची, पण पोट नसलेला. लोड कमी झाला. तुम्ही मशीन चालू ठेवलंत, मी कॉम्प्युटर लावला. आपण दोघं बटण पडायची वाट बघत बसलो. पडलं नाही. "पंखा लाव," तुम्ही म्हणालात. लावला. "दिवा लाव." भर दुपारी लावला. पडलं नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात आणि म्हणालात, "एका शाफ्टवर दोन माग." मला वाटतं, या घरात मी इतकी सुखी कधी झाले नव्हते. खिडकी तीच, भिंती त्याच, पण त्या दिवशी त्या जरा मागं सरकल्या.

काम मिळाल्याचं कळलं तेव्हा मी तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं. ऑफिसनं सुरुवातीचे काही महिने तिथं येऊन काम शिकायला सांगितलं होतं. मी म्हटलं, घरूनच करू द्या असं कळवते. आता दोन्ही मशीन चालतात, आता जायचं कशाला?

तुम्ही नाकातली नळी नीट केलीत. मग म्हणालात, "साकु." पुरे, असं तुम्ही कानडीत म्हणायचा तेव्हा विषय संपलेला असायचा. पण त्या दिवशी तुम्ही पुढं बोललात. "सांधणी कवा करत्यात ठावं हाय न्हवं? कापड त्येच असंल तवा. पन्हा, कापडाची रुंदी, बदलली की सांधून भागत न्हाय. जुना ताना कापायचा, फणी रिकामी करायची, नव्यानं समदं भरायचं. तुजा पन्हा बदललाय, अव्वा." लेकीला म्हणावं तसं मला अव्वा म्हणालात.

"आणि तुमचं काय?"

"माजं काय. मी शेंडा हाय."

मी चिडले. म्हटलं, असलं बोलू नका, मला नको तुमचं कारखान्याचं शहाणपण. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी पाळ्या नव्हत्या, दोन्ही मशीन चालू होती, त्यामुळं एकमेकांना काही सांगायचंही कारण उरलं नव्हतं. पूर्वी भांडण झालं तरी "बंद करते, तुम्ही लावा" एवढं बोलावंच लागायचं. त्यातून भांडण मिटायचं. आता ती सोयही आपण काढून टाकली होती. भांडण तसंच राहिलं. थोड्याच दिवसांत तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथलं मी इथं लिहीत नाही. ते आपल्या दोघांतलं नव्हतं.

काल रफिकभाईंकडं गेले होते. दुकानात जुन्या मॉनिटरांवर धूळ बसू नये म्हणून ती बिनमानेच्या मोराची चादर टाकलेली आहे. मला बघून ते ती घडी करायला लागले. म्हणाले, "भाभी, चच्चा की है, ले जाओ." मी नको म्हटलं. तिथं ती कामाला आहे. कॉम्प्युटरचं विचारलं. ते म्हणाले, रविवारी सकाळी येऊन घेऊन जातो, त्याचे भाग कुणाकुणाला लागतीलच, त्यांच्याकडं रोज कुणीतरी असा कॉम्प्युटर घेऊन येतंच. ह्यांनी आधीच सांगितलंय, तिकडं ठेवायला जागा नाही आणि ऑफिस लॅपटॉप देणार आहे. दोघांचंही बरोबर आहे.

आज दुपारी मी तुमच्या गाठी सोडवाव्या म्हणून झाकण काढलं. लाल, हिरवे, पिवळे धागे, सगळ्या वायरींवर. गाठीचं टोकच सापडत नाही, अप्पा. तुम्ही दातानं तोडलेलं. कात्री बांधलेल्या सामानात आहे, काढता आली असती. काढली नाही. झाकण परत लावलं. कापायच्या असतील तर रफिकभाई कापतील.

सकाळपासून मी जिन्याशी जाऊन परत येते आहे. आता मला कुणी अडवलेलं नाही. पण उंबऱ्यापाशी, जिथं तुमची नळी ताणली जायची, तिथं माझा पाय आपसूक थांबतो. पुण्यातही काही दिवस तो असाच कुठंतरी थांबेल असं वाटतं. पन्हा बदलला म्हणून सांगितलंत, पण रिकाम्या फणीकडं बघत किती वेळ बसावं लागतं ते सांगायचं राहिलं.

मी जाते आहे, अप्पा. तुम्ही सांगितलं म्हणून, आणि थोडी तुमच्यावरचा राग घेऊन. परीक्षेच्या दिवशीचा तो राग मी कुणाला देणार नाही, तो माझ्याकडंच राहील. ऑफिसात खुर्चीवर बसले की तोच ठोका ऐकू येणार आहे मला.

हे लिहिलेलं पेन ड्राईव्हमध्ये घेतलं. खिडकीतलं ऊन भिंतीवर आलंय, तुमच्या संध्याकाळच्या पाळीची वेळ झाली.

अप्पा, बंद करते. तुम्ही लावा.